टोपीतल्या दोन शिवराया

पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावता! सांगून सांगून माझा घसा बसला. आता लिहूनच ठेवतो, म्हणजे परत विचारायला येऊ नका.

मी मिरजेचा तांबट, चौथी नापास. "चार लोकांना दाखव," म्हणून बापाने मरताना एक जुनी शिवराई हातात दिली होती. ती घेऊन मी नाणेमंडळाच्या प्रदर्शनात गेलो. काचेच्या कपाटात फक्त 'उत्तम' दर्जाची नाणी, आणि दर्जा ठरवणार अध्यक्ष. त्यांनी भिंग लावलं न लावलं आणि म्हणाले, "अक्षरं झिजलीत. भंगार आहे. मोडीत घाला, तांबटकाका!"

त्यांची स्वतःची शिवराई मात्र कपाटात, 'उत्तम'ची चिठ्ठी लावून. अक्षरं तेवढीच झिजलेली. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ती झीज नव्हे हो, ते वय!"

मी ती मागून घेतली. दोन्ही शिवराया टोपीत खुळखुळवल्या आणि त्यांच्यापुढे ओतल्या. "सांगा आता, झीज कुठली आणि वय कुठलं?"

अध्यक्ष भिंगातून बघतच राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "यातली माझी कोणती?"

"ते कळल्यावर दर्जा सांगणार होय? मग भिंग कशाला धरलंय?"

सगळं मंडळ खो खो हसलं. दोन्ही शिवराया एकाच चिठ्ठीखाली काचेत बसल्या. माझी कुठली, ते मी ओततानाच आवाजावरून ओळखलं होतं; तांबटाचा कान आहे.

बापाचं काम झालं. पण त्याच्या नाण्याला भंगार म्हटल्याची माफी अजून कुणी मागितलेली नाही. अध्यक्षांचं नाव लिहून घ्या: घनश्यामराव उपळेकर.