टाक्याईचा कोरा पदर

टाक्याईच्या अंगावर शेंदराचा बोटभर थर आहे, पण तिच्या शेजारी कातळात कोरलेल्या या पाच ओळींना आम्ही शेंदराचे बोट लावत नाही. हा आईचा पदर. तो कोरा का, ते सांगतो. बसा घटकाभर.

पूर्वी पदरालाही शेंदूर लागायचा. तेव्हा गिलमर नावाचे स्कॉटलंडचे साहेब लेणी बघत इथे आले. जुनी अक्षरे वाचण्यात त्यांची उमर गेली होती, असे सांगतात. तापाने खंगले होते, मायदेशी जाणारी बोट आठ दिवसांवर आली होती. जाण्याआधी हे पाण्याचे टाके कुणी खोदले, तेवढे त्यांना या ओळींतून काढायचे होते.

साहेबांनी शेंदूर खरवडला, ओळी धुतल्या आणि त्यांवर ओला कागद ब्रशने ठोकून बसवला. दिवसभर वाळला की अक्षरे कागदावर उठतात. साहेब झाडाखाली जाऊन पडले. येऊन पाहतात तर कागद नाही, आणि ओळींवर ताजा तेल-शेंदूर! दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी ते दबा धरून बसले, तेव्हा गुरवीण सापडली. धोंडाई, माझी पणजी. कागद टाक्यात सोडत होती.

“बाई, हे काय करता?” साहेब ओरडले.

“निर्माल्य सोडते. रोज आईला आंघोळ घालता अन् तशीच उघडी ठेवून झोपता. कुणी शिकवलं तुम्हाला?”

साहेबांनी म्हणे ब्रश फेकला आणि ते खाली बसून लहान मुलासारखे रडले. “मला फक्त वाचायचंय, काय लिहिलंय ते.”

“लिहिलंय? यात?” पणजी चकित झाली. “मग आम्हालाही सांगाल?”

“स्वतः येऊन सांगेन.”

“तर तुम्ही येईपर्यंत पदराला शेंदराचा हात लावणार नाही.”

चौथा कागद वाळेपर्यंत ती स्वतः माकडे हाकत बसली. साहेब कागद घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत. कुणी म्हणतात बोटीवरच वारले, कुणी म्हणतात विसरले.

चैत्री पुनवेला आमच्या घरची बाई या ओळींवर ओले फडके पसरते आणि वाळेपर्यंत राखण करते. आजही पाहुणे येतात, फोटो काढतात, “वाचून कळवतो, बाबा,” म्हणतात आणि डोंगर उतरतात. मी दर खेपेला बरं म्हणतो, आणि शेंदराची वाटी पदरापासून लांब ठेवतो.