धवलपंतांची परीक्षा

फार पूर्वी, जनावरं आणि पाखरं एकमेकांशी सरळ बोलत तेव्हा, एका तळ्याकाठी धवलपंत बगळे राहत. आया आणि लेकरं या विषयातले आपण मोठे विद्वान, असं ते स्वतःच सांगत.

एकदा तांबी माकडीण आपल्या टुणक्याला घेऊन तळ्यावर आली. टुणक्या थोडं पळायचा, वळून आईकडे बघायचा आणि आणखी पुढे जाऊन बेडकांना चिमटे काढायचा.

"फार लाडावलाय," धवलपंत म्हणाले. "तू जरा झुडपामागे लप. तू नसताना हा कसा वागतो ते मला बघायचंय."

तांबी नाइलाजाने लपली. टुणक्याने तिला इकडेतिकडे शोधलं, ती दिसेना तसा तो रडला आणि मग अंग चोरून एका जागी बसला. पंतांनी पुढे केलेल्या केळ्याकडेही त्याने पाहिलं नाही.

"बघ, किती गुणी झाला!" पंत खूश होऊन ओरडले. "आता आठवडाभर लांबच राहा."

तांबी धावत बाहेर आली. "गुणी कसला? भेदरलाय तो, पंत!"

टुणक्याने आधी आईला दोन गुद्दे मारले, मग तिच्या गळ्यात पडून तो हमसून हमसून रडला. थोड्या वेळाने डोळे पुसून तो उतरला आणि थेट जांभळीच्या शेंड्यावर चढला.

"आई, बघतेस ना?"

"बघतेय रे!"

पंत चक्रावले. "आई परत आली आणि हा लांब गेला? असं कसं?"

"मी इथे आहे म्हणून," तांबी म्हणाली.

तेवढ्यात पंतांच्या पांढऱ्याशुभ्र डोक्यावर एक पिकलं जांभूळ फुटलं. त्यांनी रागाने वर पाहिलं. दुसरं जांभूळ निघालंच होतं.