न उपटलेली मेढ

ही गोष्ट मी गेल्या माघात, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओसरीवर ऐकली. सांगणाऱ्या अनुसूयाबाई पांचाळ या सुतारकाम करणाऱ्या घराण्यातल्या. आपले वय त्या अठ्ठ्याहत्तर सांगतात. घरचे ऐंशीच्या पुढे सांगतात. त्यांनी ती आपल्या सासूबाईंकडून ऐकली होती. सासूबाईंनी कोणाकडून ऐकली, हे त्यांना ठाऊक नाही. मी ती शक्य तितकी त्यांच्याच क्रमाने मांडतो.

फार मागे, वर्षांची गणती ठेवायला कोणी नव्हते अशा काळी, नदीकाठी एक गाव होते. तिथे घर बांधायचे, तर आधी जमिनीत उंबराची एक मेढ, म्हणजे माणसाहून उंच खुंट, रोवत. तिला हळदकुंकू लावत, आंब्याची डहाळी बांधत, आणि मगच कामाला हात घालत. घर उभे राहिले, की गृहप्रवेशाच्या दिवशी घरातील सर्वांत वडील स्त्रीने ती मेढ आपल्या हाताने उपटून नदीत सोडायची, अशी रीत होती. रीत का पडली, हे कोणी विचारत नसे.

त्या गावात एका तरुण गृहस्थाने घर बांधले. त्याचे आईबाप तो पाळण्यात असतानाच गेले होते. त्याला वाढवले ते त्याच्या विधवा आत्याने. या घराच्या भिंतींची मातीदेखील तिनेच तुडवली होती.

सुतार जाणता होता. त्याने प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा बसवला आणि खांबांच्या बुडांना बिब्याचे तेल चोपडले. तो म्हणे, "धनी, लाकडाचा पाय मातीला लागला, की वाळवीला जिना मिळाला म्हणून समजा."

गृहप्रवेशाला गृहस्थाच्या सासरची मंडळी आली. ती मोठ्या गावची, मोठ्या मानाची. पूजा आटोपली. आत्याने पदर खोचला आणि ती मेढीकडे निघाली.

तेवढ्यात गृहस्थाच्या सासूबाई हसून म्हणाल्या, "अगो बाई! यांच्याकडे शुभाच्या कामाला सवाशीण मिळत नाही वाटतं?"

चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गृहस्थाचे कान तापले. तो पुढे झाला आणि आत्याला म्हणाला, "आत्या, तू राहू दे."

"मग तुझ्या बायकोला काढू दे," आत्या शांतपणे म्हणाली. "माझा हात नको तर नको. पण मेढ काढ, बाळा."

गृहस्थ विचारात पडला. बायकोच्या हाताने मेढ काढावी, तर घरात वडील स्त्री असून तिला वगळले, हे गावाला दिसणार. आत्याच्या हाताने काढावी, तर सासरचे हसणार. त्याने दोन्ही टाळले आणि मोठ्याने सांगितले, "आमच्या घरची मेढ काढायची नाही. शुभाची खूण आहे, ती घरात कायम राहील!"

सासऱ्यांनी मान डोलावली. "वा, जावईबापू! याला म्हणतात श्रद्धा."

सुतार दाराशी उभा होता. तो म्हणाला, "धनी, मेढ मातीत आहे आणि तिचा शेंडा तुळईला टेकलाय. तुळई आंब्याची आहे, वाळवीला गोड."

"तुमचं काम झालं ना मेस्त्री? मग जेवा आणि निघा."

सुतार न जेवता निघाला.

त्या वर्षापासून गृहस्थ गृहप्रवेशाच्या तिथीला मेढीची पूजा करू लागला. तिला लाल वस्त्र गुंडाळी. दर वर्षी जुन्यावर नवे. लोक मेढ पाहायला येत, नमस्कार करत आणि गृहस्थाच्या श्रद्धेची वाखाणणी करत. पुढे तर आणखी दोघांनी आपापल्या घरातील मेढी तशाच ठेवल्या.

चौथ्या वर्षी आत्याला तुळईखाली मातीचा बारीक चुरा दिसला. तिने झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच चुरा. तिने वर पाहिले. लाल वस्त्राच्या वरच्या काठातून बोटाएवढी मातीची नळी निघून तुळईवर चढली होती. आत्याने केरसुणीच्या मुठीने ती फोडली. आत पांढऱ्या किड्यांची रांग धावत होती.

तिने भाच्याला हाक मारली. "अरे, वाळवी लागलीय. कापड सोडून बघ. एकदा बघ तरी!"

भाच्याने वर पाहिले नाही. त्याने पाहिली ती आत्याची केरसुणी. "मेढीला केरसुणी लावलीस? उद्या पाहुणे यायचेत, त्यांच्या कानावर गेलं म्हणजे?"

"पाहुणे चार दिवस राहतील रे. घरात तुला राहायचंय."

"तुला त्या दिवसाचा राग आहे, आत्या. तो तू मेढीवर काढतेस."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना अडचण नको, या सबबीखाली भाच्याने तिचे अंथरूण गोठ्यात हलवले. तिथून तिला तुळई दिसत नव्हती.

पुढच्या तिथीला पूजेसाठी माणसे जमली. गृहस्थाने नवे वस्त्र गुंडाळून गाठ आवळली, आणि मेढ त्याच्या हातातच चेपली. आत लाकूड नव्हतेच, माती होती. वरून तुळई मोडली आणि तिच्यासकट निम्मे छप्पर खाली आले. माणसे वाचली. पण गृहस्थाचा उजवा पाय तुळईखाली सापडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. राहिलेले छप्पर आठवडाभरात उतरवावे लागले, कारण एकही तुळई भरवशाची उरली नव्हती.

गोठा मात्र शाबूत होता. भाच्याला तिथे नेले. आत्याने आपले अंथरूण त्याच्याखाली घातले आणि त्याचा पाय शेकू लागली.

ढिगाऱ्याभोवती गाव गोळा झाले. पूजेला आलेल्या सासूबाई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाल्या, "मी त्याच दिवशी ओळखलं होतं. विधवेची दृष्ट लागली घराला. चांगलं पाहवलं नाही हिला."

आत्याने भाच्याकडे पाहिले. आता तरी तो बोलेल, असे तिला वाटले असावे. भाच्याने तोंड भिंतीकडे फिरवले. शेकाचे फडके खाली ठेवून आत्या उठली, आणि आपल्या एका लुगड्यासह गाव सोडून गेली.

चार लोकांतली लाज राखायला जे झाकून ठेवावे, तेच आधी घर खाते आणि मग माणूस.

अनुसूयाबाईंच्या सांगण्यानुसार भाचा त्या वेळी केवळ गप्प राहिला. त्यांच्या जाऊबाईंनी, त्याच ओसरीवर, तो सासूला "होय" म्हणाला असे सांगितले. यांतले खरे कोणते, याची खात्री मला करता आली नाही.