पळण्याची परीक्षा

त्या दिवशी सकाळपासून कोरडा, बोचरा वारा सुटला होता. मैदानातल्या धुळीनं म्हाताऱ्या शिपायांचे डोळे लाल झाले होते. मॅसेडोनियाच्या राजाची ही चंदेरी ढालींची पायदळ पलटण. चाळीस वर्षांत ती लढाईत एकदाही मागं हटली नव्हती. पण राजा वारला, आणि थेरॉन नावाचा तरणा सरदार तिच्यावर आला.

"आजोबा मंडळी," तो घोड्यावरूनच म्हणाला, "त्या टेकडीपर्यंत पळून दाखवा. जो पळणार नाही, त्याची ढाल काढून घेईन आणि त्याला घरी धाडीन."

लिकोन सत्तरीचा, गुडघ्यांनी थकलेला. ढाल गेली की आपण कुणीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो सावकाश एक पाऊल पुढं आला.

"पळतो की, सरदार. पण एक अडचण आहे बघा. महाराजांनी या ढाली दिल्या तेव्हा बजावलं होतं, जो पळेल त्याची ढाल काढून घेईन. तुम्ही म्हणता, जो पळणार नाही त्याची. आता तुम्हीच सांगा, हुकूम कुणाचा मोडू?"

सगळ्या रांगेत खसखस पिकली. राजाचा हुकूम मोड, असं थेरॉनला म्हणवेना.

"राहू द्या ढाली," म्हणत त्यानं घोडा वळवला.

लिकोन आपल्या जागी परतला. डाव्या हाताला उभा असलेला दामिस, रांगेतला त्याचा चाळीस वर्षांचा शेजारी, समोर बघतच म्हणाला, "बरं झालं गड्या. माझी उजवी कूस तुझ्या ढालीआड असते. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी ती सोडली नसती."