पालखीच्या वेबसाइटची वेस

शिमग्याची पालखी जगभर दाखवणारी गावाची वेबसाइट केतकी डब्लिनहून सांभाळायची. यंदा परदेशातून कुणी उपद्व्यापी ती सारखी बंद पाडू लागले. देवस्थानचे अध्यक्ष अण्णा खोत फोनवर गरजले, "परदेशाची वाटच बंद कर!"

"केली. आता कोण बघतंय?"

"वाडीतलेच चारजण."

"त्यांच्या तर दारातच पालखी नाचतेय, अण्णा! आपला वेशीवरचा राखणदार देव चोराला अडवतो, म्हणून वेस बुजवतो का? लेकरांना ओळखून आत घेतोच ना?"

अण्णा वरमले. "उघड, बाय."

केतकीने देशोदेशी दारं उघडली आणि प्रत्येक दारावर पारखून आत सोडणारा पहारा बसवला. पडद्यावर पालखी केतकीच्या गावातल्या कुलूपबंद घरावरून पुढे निघाली, तोच अण्णांचा आवाज आला,

"थांबा रे! घरचं माणूस बघतंय."