दोन व्हॉल्व्ह आणि एक श्वास

रेडिओ तापल्याशिवाय बोलत नसत, त्या काळात जन्मलेले आवाज वाढवणारे, बल्बसारखे काचेचे दोन व्हॉल्व्ह पुढे मिरजेच्या कुमुदताईंकडे आले. एकाची काच लखलखीत होती, दुसऱ्याची काळवंडलेली. हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जागा मात्र एकालाच होती.

“दोन्ही लावून बघते आणि एकच ठेवते,” कुमुदताई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांनी आपल्या दिवंगत आईच्या गाण्याची टेप लावली.

लखलखीत व्हॉल्व्हने सगळी ताकद पणाला लावली. सूर झळाळून उठला. “छान आहे,” म्हणत त्यांनी निवल्यावर तो काढला आणि दुसरा बसवला.

या वेळी गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांचे डोळे भरून आले. “अहो, आई श्वास घेतेय,” त्या हळूच म्हणाल्या.

टेप संपल्यावर टेबलावरच्या लखलखीत व्हॉल्व्हने विचारलं, “तो श्वास तू कुठून आणलास?”

“तो टेपमध्ये होताच. मी फक्त वाट दिली,” काळवंडलेला म्हणाला.

खात्री करायला कुमुदताईंनी पहिला पुन्हा लावला. आता तो झळाळायचं विसरून नुसता ऐकत राहिला. कधीच्या गेलेल्या बाईचा श्वास त्याच्या काचेतून अलगद पार झाला, आणि तो आतून थरारला.

“यातही आहे की,” कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यांनी दोघांनाही ठेवून घेतलं.