मोबाइलवरची परीक्षा आणि झुंबर मास्तर

एका गावात एक भोळा मास्तर होता. झुंबर त्याचं नाव. कॉलेजात भूगोल शिकवायचा. सगळी पृथ्वी तोंडपाठ, पण सांगितल्याच्या पलीकडं एक पाऊल टाकायचा नाही. अकरा वर्षं तासाच्या पैशावर राबला, तरी कायम झाला नव्हता. सासरा भेटंल तिथं विचारायचा, "जावईबापू, ऑर्डर आली का?" म्हणून मास्तर सासरवाडीला जायचाच बंद झाला.

एक दिवस प्राचार्य मुक्ताबाईंनी बोलावलं. म्हणल्या, "मास्तर, औंदा परीक्षा मोबाइलवर. पोरं घरून पेपर देणार. नीट घेतलीत, तर विद्यापीठाचे साहेब येऊन तुमची कायमची ऑर्डर देतील. एकच करा. स्क्रीनवर तोंड दिसलं, की हजर. नाही दिसलं, की गैरहजर."

"बरं बाई."

आता पोरं काय, तुमच्या-माझ्यासारखीच. मोबाइलपुढं आपापला फोटो टेकवला आणि गेली क्रिकेटला. मास्तर तीन तास फोटोंवर पहारा देत बसला. एकानं तर बारशातला फोटो लावला होता. मास्तरानं त्यालाही हजेरी लावली. पेपर सगळे कोरे. पण शिस्त अशी, की एकानं मान वळवली नाही.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, फोटो हलतो का कधी? हलंल त्यालाच खरं माना!"

"हे आधी सांगायचं ना बाई."

दुसरी परीक्षा. कुंदा म्हणून एक हुशार पोरगी होती. ती डोळे मिटून विचार करत बसली. हलंना. मास्तरानं नापास केली. एक पोरगं मोबाइल खाटेवर उताणा टाकून पळालं. वर पंखा गरगर. मास्तरानं पंख्याला पहिला नंबर दिला. शेरा लिहिला, 'मेहनती.' मधी पाच मिनिटं लाइट गेली, तेवढे मार्क कापले. उगाच कुणाची बाजू घ्यायची नाही.

"अहो मास्तर, हलण्याला कुठं मार्क असतात? मार्क उत्तराला! बरोबर उत्तरं आधीच भरून ठेवायची. मग मशीन आपोआप मार्क देतं."

"हे आधी सांगायचं ना बाई."

तिसरी परीक्षा. मास्तर पहाटंच उठला. साठ पोरं, साठ पेपर. एकेकाच्या नावावर बसून बरोबर उत्तरं भरली. बोटं सुजली. पोरं नऊला बसतायत, तर पेपर सोडवलेला! साठच्या साठ जणांना शंभर. कुंदा रडत आली. "सर, मला एक तरी प्रश्न ठेवायचा होता!"

बाई हादरल्या. "मास्तर, उद्या साहेब येतायत! हे साठ पेपर बघितले, तर ऑर्डर विसरा. आता नीट ऐका. दोन कागद शब्दाला शब्द सारखे दिसले, की समजायचं, एक दुसऱ्याचं बघून लिहिलाय. दोन्हीवर भोपळा, आणि लिहिणारा वर्गाबाहेर. मग तो कुणी का असंना!"

"हे आधी..."

"गप बसा!"

चौथी परीक्षा बाईंनी स्वतः घेतली, पोरं वर्गात बसवून. मास्तराला नुसतं दारात उभं केलं. झकास झाली. पोरं गेली. साहेब खूश. "वा झुंबरराव! अकरा वर्षं वाट बघितलीत." बॅगेतनं दोन कागद काढले. "ही तुमची ऑर्डर. एक तुम्हाला, एक ऑफिसला. वाचा आणि दोन्हीवर सही करा."

मास्तरानं एक कागद वाचला. मग दुसरा वाचला. परत पहिला वाचला. त्यानं बाईंकडं बघितलं. बाई आनंदानं मान हलवत होत्या, करा, करा.

मास्तरानं लाल पेन काढला. दोन्ही कागदांवर हे एवढाले भोपळे!

"अहो, हे काय केलंत?" साहेब किंचाळले.

"स्वल्पविरामसुद्धा तेच आहेत साहेब. बघून लिहिताना माणसानं एखादा तरी शब्द बदलावा."

असं म्हणून साहेबांचा दंड धरला, वर्गाबाहेर नेऊन उभं केलं आणि आतून कडी लावली. साहेब दार बडवायला लागले. "झुंबरराव! दार उघडा! माझ्या सबंध नोकरीत असं कधी..."

मास्तराला दया आली. खिडकीतनं हात काढून त्यानं साहेबांच्या पाठीवर थोपटलं.

"रडू नका साहेब. ऑक्टोबरला परत बसा."